पिठाच्या डब्यावरचं ताट

हे मी सांगायचं नव्हतं. मी ओसरीच्या टोकाला अभ्यास करत होते, हे कुमुदमावशीच्या उशिरा लक्षात आलं. मग तिने बजावलं, आईला नाही, शाळेत नाही, कुणालाच सांगायचं नाही. लिहायचं नाही असं मात्र ती म्हणाली नव्हती.

"मग चुकतंय कुठे माझं?" मावशीने तिसऱ्यांदा विचारलं.

अक्का सुपारी कातरत होत्या. अडकित्ता वाजला. कट्.

"अक्का, मी तुम्हाला विचारतेय."

"ऐकतेय की."

कट्.

टेकडीवरचा हा मठ अक्का चालवतात. तिथलं स्वयंपाकघर मावशी सांभाळते, अकरा वर्षं झाली. रोज पंचवीस-तीस माणसं जेवतात, गुरुवारी साठ. तो गुरुवारच होता. पंगत उठली होती, पातेली घासून पालथी पडली होती आणि मावशी पदराला हात पुसत अक्कांसमोर येऊन उभी राहिली होती. त्यांनी बस म्हटलं, तरी ती बसली नव्हती.

"पहाटे तळ्याला दोन फेऱ्या मारते," ती म्हणाली. "दोनशे चाळीस पायऱ्या दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. साखर सोडली. भात सोडला. दुपारी एक भाकरी आणि पालेभाजी, रात्री मुगाचं वरण. कधीमधी चिक्कीचा तुकडा, नाही म्हणत नाही. पण वर्ष झालं, अक्का. वर्षभरात काटा एकोणऐंशीवरून हलला तो ऐंशीवर गेला."

"काटा बिघडला असेल."

"तीन काट्यांवर चढून पाहिलं. तिघांचं एकच मत आहे."

अक्का हसल्या. मावशीला हसू आलं नाही.

खरं तर तिला अक्कांचाच राग आला होता. सत्तरी ओलांडलेल्या अक्का पोळीवर तूप ओतून घेत, वर दूध मागत, आणि वाळल्या शेंगेसारख्या राहत.

"तुमचं बघा," ती बोलून गेली. "तूप काय, पोळी काय. अंगाला म्हणून काही लागत नाही."

"ही माझ्या आजीची हाडं. त्यात माझी काही कमाई नाही."

"आणि माझी?"

"तुझी तुझ्या आईची. तिला मी पाहिलंय. या दारातून आडवी होऊन आत यायची."

मावशीने ओठ मिटून घेतले.

"डॉक्टर म्हणाले, आठ किलो उतरवा, नाहीतर दिवाळीनंतर पायऱ्या बंद," ती शेवटी म्हणाली. "गुडघे साथ देणार नाहीत म्हणे. पायऱ्या बंद म्हणजे... हे बंद."

तिने स्वयंपाकघराकडे नुसतं पाहिलं.

अडकित्ता थांबला.

"आणि विश्वास कुणाचा बसत नाही. डॉक्टर चष्म्यावरून बघतात, ताई खरं सांगा म्हणतात. जाऊबाई म्हणतात, फडताळाला कुलूप घालून बघा एकदा. मी काय चोरून खाते, अक्का?"

"नाही. तू खोटं बोलत नाहीस."

मावशीचे डोळे भरून आले. वर्षभरात तसं कुणी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"पण खरं काय, ते तुला ठाऊक नाही."

डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. "म्हणजे काय?"

"आज भात किती उरला?"

"काही उरला नाही." मावशी ताठ झाली. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. "अकरा वर्षांत माझ्या हातून एक शीत वाया गेलेलं नाही."

"पंगत उठली तेव्हा किती होता?"

"असेल वाडगाभर. संपवला."

"कुणी?"

"...संपला."

"आमटी?"

"तळाशी होती. ती त्या भातावरच गेली."

"शिरा?"

"शिरा कुठला आता. कढईला खरवड होती, ती उलथन्याने काढली."

"काढून कुठे ठेवली?"

मावशीचा हात नकळत तोंडाकडे गेला. मग तिचा आवाज चढला.

"अहो, ते खाणं नव्हे अक्का. ते पातेलं पुसणं. अन्न टाकायचं नाही, हा नियम कुणाचा? तुमचाच. त्या वेळी गाई रानात असतात. मग काय मोरीत ओतू?"

"ओतू नकोस."

"मग करू काय?"

अक्कांनी सुपारीचं खांड उचललं, उजेडात धरलं, परत खाली ठेवलं. मावशीला वाटलं, झालं, आता या पुन्हा कातरायला लागणार.

"तुझं ताट आण," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"ताट."

मठात जो कुणी सेवेला लागतो, तो पहिल्या वर्षी आपलं ताट घेऊन येतो, नाव घातलेलं. जेवण झालं की ज्याचं ताट त्याने विसळायचं आणि मांडणीवर उभं करायचं. मावशी आत गेली; माझ्या जागेवरून स्वयंपाकघर दिसत होतं. मांडणीवरची नावं तिने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाचली. मग उलट्या बाजूने वाचली.

ती हात हलवत परत आली. "दिसत नाही. कुणीतरी चुकून नेलं असेल."

"कधी?"

"मला काय ठाऊक."

"मग ती एक भाकरी कशात खातेस?"

"हातावर. भाकरीवरच भाजी घालायची आणि खायची, उभ्याउभ्या." ती आता पुरती वैतागली होती. "चुलीवर कढई, बाहेर माणसं पत्रावळीवर बसलेली. मला ताट मांडून बसायला सवड आहे होय? तुम्हाला काय, तुम्हाला वाढलेलं मिळतं."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

अक्कांना राग आलेला दिसला नाही. त्या भिंतीला हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मावशी मागोमाग. अक्का मांडणीपाशी थांबल्याच नाहीत. कोपऱ्यात पिठाचा मोठा डबा होता, त्याच्यापाशी गेल्या. डब्यावर झाकण म्हणून एक ताट पालथं घातलेलं होतं, पिठाने पांढरं झालेलं.

अक्कांनी ते उचललं आणि आपल्याच पदराने पुसलं. काठावरची अक्षरं वर आली. सौ. कुमुद.

"डब्याचं झाकण हरवलं होतं," मावशी पुटपुटली. "दोन दिवसांपुरतं म्हणून ठेवलं होतं मी..."

अक्कांनी भिंतीजवळ पाट मांडला. त्याच्यासमोर ताट ठेवलं. रिकामं.

"डबा उघडा राहील, अक्का."

"राहू दे."

"मुंग्या होतील पिठात."

"होऊ दे."

मावशी पाटाकडे पाहत उभीच राहिली.

"पण मी तर आत्ताच जेवले."

"कधी?"

मावशी आठवायला लागली. भाकरी... भाकरी पहिल्या पंगतीच्या वेळी घेतली होती, की दुसऱ्या? अर्धी चुलीच्या कडेला ठेवल्याचं आठवत होतं. पुढे तिचं काय झालं ते आठवत नव्हतं. भाजी कसली होती, तेही.

"...कधी?" अक्कांनी पुन्हा विचारलं, हळू.

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. मग एकदम म्हणाली, "बरं, मग यात वाढू काय ते तरी नीट सांगा. भाकरी एक की अर्धी? भात चालेल की नाही? आणि मी बसले तर पातेल्याच्या तळाशी उरलेलं..."

"आधी बस."

मावशीने एक हात भिंतीला लावला, एक गुडघ्यावर ठेवला आणि खाली बसली. दोन्ही गुडघे अडकित्त्यासारखे वाजले.

त्याला आता चार महिने झाले. दिवाळी होऊन गेली. मावशी आजही पायऱ्या चढूनच वर आली, मध्ये दोनदा थांबून. डॉक्टरांच्या काट्याने परवा काय दाखवलं तेही सांगायला हवं, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. काटा आधी...

"यामिनी, लिहिणं पुरे," आतून अक्कांनी हाक मारली. "पिठाचा डबा उघडाच आहे. झाकायला काहीतरी शोधून आण. ताट सोडून."