दयाळाचं गाणं आणि सोनेरी प्लेअर

प्राणी शहरात जाऊन खरेदी करायचे, त्या काळची ही गोष्ट. एका रानात एक म्हातारा दयाळ पक्षी होता. पहाटेचं जुनं गाणं आता त्याला एकट्यालाच येत होतं. त्याचा आवाज थकत चालला, तेव्हा पुढच्या पिल्लांसाठी ते गाणं रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं. रानाचा प्रमुख धनेश पक्षी आणि खारूताई रेकॉर्डिंगही करणारा प्लेअर आणायला शहरात निघाले.

माकडाच्या दुकानात खारूताईने एक साधा काळा प्लेअर कानाला लावून पाहिला. "हा घेऊ या. यात दोनशेच गाणी मावतात, पण आवाज स्वच्छ येतो."

धनेशाने सोनेरी प्लेअर उचलला. "यात दहा हजार मावतात. रानाची काही शान आहे की नाही?"

"अहो, पण आपल्याकडे गाणं एकच आहे," खारूताई म्हणाली.

शेवटी सोनेरीच आला. जागा वाचावी म्हणून धनेशाने रेकॉर्डिंगचा दर्जा सर्वांत खालचा ठेवला. मग प्लेअर स्वतःच्या चोचीपाशी धरून त्याने लांबलचक प्रास्ताविक केलं. दयाळ पलीकडच्या झाडावरून जीव ओतून गायला.

त्या हिवाळ्यात दयाळ गेला. पुढे नवी पिल्लं आली आणि गाणं शिकायला जमली. प्लेअरमधून धनेशाचं भाषण खणखणीत ऐकू आलं, आणि त्यामागून नुसती खरखर. खारूताईने तोंड फिरवून डोळे पुसले. पिल्लांनी मात्र ऐकलं ते मन लावून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं रान खरखरलं.

"अगदी हुबेहूब," धनेश म्हणाला आणि समाधानाने मान डोलावत राहिला.