डावा खिसा

"...पण कात्री मला कधी देणार, मास्तर? आठ महिने झाले. काज, बटण, उसवणं. बस्स!"

पिसेमास्तर एका पँटची कड उसवत होते. साताऱ्यातल्या त्यांच्या दुकानाचा नियम जुना. मास्तर स्वतः हातात देतील तेव्हाच कापायची कात्री धरायची.

"कपडा बघायला शिकलीस का?"

"पुण्याहून डिप्लोमा करून आलेय मी," केतकी म्हणाली. "बेलबॉटम, पॅरलल, बॅगी, नॅरो... कुठलीही सांगा, कापून दाखवते."

"बेलबॉटम..." मास्तर हसले. "तेव्हा पोरं रस्ता झाडत यायची दुकानात."

"विषय बदलू नका!"

मास्तर उठले आणि जेवायला घरी गेले.

टेबलावर शालनकाकूंनी टाकलेली पँट होती. तपकिरी टेरिकॉटची, गेलेल्या नवऱ्याची. काकूंना ती आता स्वतःला हवी होती, सकाळी टेकडीवर फिरायला जाताना.

"लोक हसतील," असं केतकी त्यांना म्हणाली होती.

"हसू देत की. साडीत पाय अडकून पडले, तर रडायला येणारेत का?"

कंबर आणि उंची, एवढंच काम होतं. पण केतकीनं खिसे उलटे केले आणि तिचं डोकं फिरलं. उजवा साधा. डावा मात्र तीन बोटं जास्त रुंद आणि चांगला खोल.

"कुठल्या अडाण्यानं कापलंय हे!"

तिनं कात्री उचलली.

मास्तर परतले तेव्हा दोन्ही खिसे अगदी सारखे झाले होते. त्यांनी पँट उलटसुलट करून पाहिली. केतकी बोलणी खायच्या तयारीत उभी राहिली.

मास्तरांनी पँटची नीट घडी घालून ती टेबलावर ठेवली.

संध्याकाळी शालनकाकू आल्या. पडद्याआड जाऊन पँट घालून आल्या. आरशासमोर दोन पावलं ऐटीत चालल्या. डावा हात खिशात घातला आणि थांबल्या.

"मास्तर, माझा खिसा कुठंय?"

"तुमचा?" केतकीनं विचारलं.

"ह्यांच्या डाव्या बाजूनं चालायचे मी. साडीला कुठला आलाय खिसा? माझा चष्मा, किल्ली, पानाची चंची, सगळं ह्यांच्या डाव्या खिशात. म्हणून ह्यांच्या प्रत्येक पँटीला मास्तर तो मोठा कापायचे. काही लागलं की मीच हात घालायचे. भर बाजारात! सासूबाई अशा चिडायच्या..."

काकू हसल्या. मग हसू थांबलं.

केतकीनं मास्तरांकडे पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते.

"चुकलं, काकू," ती म्हणाली. "डावा पुन्हा मोठा करून देते. पण आता दोन्ही खिसे तुमचेच की!"

काकूंचा उजवा हात कमरेपर्यंत गेला. तिथंच राहिला...

"नाही गं. तो ह्यांचा."

काकू साडी नेसून घरी गेल्या.

मग मास्तरांनी खिशाचं नवं कापड टेबलावर पसरलं आणि कात्री केतकीच्या हातात दिली.

तिनं आधीच्या मापानं डावा खिसा कापला. सावकाश.

"मास्तर, उजवा तर त्या कधीच वापरणार नाहीत. टाके घालून बंद करू?"

"नको. त्याला दुहेरी अस्तर लाव. वजन त्या बाजूला जास्त येईल."