कपाळावरचा तुकडा

एक होती नगरी. लांब नाही हं, अगदी जवळ. कातडीचा तिचा तट, घसा ही तिची वेस, आणि मधोमध, छातीत, नगारा. तो रात्रंदिवस वाजायचा. नगारा थांबला की नगरी संपली, एवढं ध्यानात ठेवा, बरं का.

वेशीजवळच्या एका घरात नुकतीच सून आली होती. येसू तिचं नाव. बोलायची कमी, बघायची जास्त. त्या घरची रीत अशी, की बाप्यांनी नगारा वाजवायचा आणि बायांनी वेस राखायची. म्हणून येसूचा नवरा सटवाजी नगाऱ्यावर, आणि येसू वेशीवर, सासूच्या हाताखाली. सासूचं नाव भीमाक्का.

आता वेस राखायची म्हणजे काय? भाला नाही, तलवार नाही. परका आत शिरला की बाईनं त्याला गिळायचं. हसू नका, गिळायचंच! मग पोटात त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे. त्यातला एक तुकडा बाहेर काढायचा, कपाळावरचं कुंकू पुसायचं आणि त्या जागी तो लावायचा. मग तसंच चालत मानेतल्या गाठीच्या गढीवर जायचं. तिथं शिपाई बसलेले असायचे, हजारोंनी. पण एकेकाला एकच तुकडा ओळखू यायचा. अख्खा चोर समोर उभा केला तरी त्यांना पत्ता लागायचा नाही. आपल्याच माणसांच्या कपड्यांची वीण बघून उठणारे शिपाई, त्यांना शिकवणारे गुरुजी तालमीतच मारून टाकायचे. पण गुरुजी तरी किती बघणार? एखादा सुटायचाच.

आणि आणखी एक. ज्या शिपायाला तुकडा ओळखू आला, त्याच्या खांद्यावर बाईनं हात ठेवायचा. हात ठेवला की तो उठायचा. तुकडा दाखवला आणि हात नाही ठेवला, तर तो झोपायचा. झोपला की पुन्हा म्हणून उठायचा नाही.

एकदा काय झालं, वेशीतून साखळीचोर शिरले. एकमेकांची कंबर धरून, ओळीनं. घसा सुजला, नगरीला ताप चढला. येसूनं एक चोर गिळला. पहिलाच तिचा. त्याचे तुकडे केले. त्यातला अंगरख्याचा एक तुकडा हातात घेतला, आणि ती थबकली. तीन तांबडे धागे, मध्ये पिवळी गाठ.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "ही वीण ह्यांच्या पागोट्याच्या काठासारखी दिसते. दुसरा तुकडा लावू का? चोराच्या चपलेचा अंगठा आहे."

"अगं बाई!" भीमाक्का म्हणाली. "येऊन चार दिवस नाही झाले, आणि वीण ओळखायला लागली! तुकडा लावायचा असतो, निरखत बसायचा नसतो. तिकडे वेस पेटलीय आणि हिला चपला सुचतायत. तुझ्या माहेरी मिरवत असतील कपाळावर चपला!"

येसूनं चपलेचा अंगठा खाली टाकला. दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. पण नव्या सुनेला एकदाच बोलायची मुभा असते, आणि तेही कुणी ऐकलं पाहिजे असं नाही.

मग तिनं कुंकू पुसलं, तोच तुकडा लावला आणि ती गढीवर गेली. पहिला शिपाई म्हणाला, "माझा नव्हे, बाई." दुसऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही. तिसरा मात्र एकटक बघत राहिला.

"बाई, याच्यासाठीच बसून होतो मी."

येसूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग काय विचारता! एकाचे दोन झाले, दोनाचे चार, चाराचे हजार. सगळे एका तोंडवळ्याचे. धावले वेशीवर. तीन दिवसांत साखळी तुटली, ताप उतरला, भीमाक्कानं घरोघर साखर वाटली.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण शिपायांना तीच एक वीण ठाऊक. ती शोधत ते नगरीभर हिंडत राहिले. आणि तीन आठवड्यांनी नगारा अडखळला.

येसू धावत गेली. बघते तर शिपायांनी नगारखान्याला गराडा घातलेला. सटवाजी खाली पडलेला, त्याचा एक हात मोडलेला, दुसऱ्या हातानं कसाबसा ठोका धरलेला, नगाऱ्याचं कातडं कडेला फाटलेलं.

"बाई, चोर इथं लपला होता!" शिपाई आनंदानं ओरडले. "ही बघ वीण!"

आता त्यांना काय समजावणार? नवरा, माणूस, असलं अख्खं काही त्यांना कळतच नव्हतं. मग येसूनं सटवाजीच्या पागोट्याचा काठ फाडला. कपाळावर लावला. दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतल्यासारखे धरले आणि ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

पहिली रांग बघत राहिली. मग खाली बसली. मग झोपली. दुसरी रांग झोपली. तिसऱ्या रांगेत तो होता, सगळ्यात आधी उठवलेला.

"तुकडा तोच आहे ना, बाई?"

"तोच."

"मग हात ठेव ना."

येसूनं पाठीमागे बोटं घट्ट आवळली.

"माझं काही चुकलं का?"

"नाही रे," येसू म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

तो वाट बघत राहिला. बराच वेळ. मग बसला. मग झोपला.

नगारा पुन्हा तालात वाजू लागला. फाटक्या कडेतून दर ठोक्यामागे फुस्स आवाज यायचा, तो मात्र कायमचा. भीमाक्का शेजारणींना सांगायची, "मी तेव्हाच म्हटलं होतं हिला, वीण नीट बघून घे म्हणून. पण हल्लीच्या सुना ऐकतात कुठं!" त्यानंतर प्रत्येक तुकडा येसू उजेडात धरून बघायची. सासू कितीही ओरडली तरी.

तर अशी ती नगरी सुखात राहिली. नगारची सुखात, सून सुखात, सासू तर फारच सुखात. शिपाई झोपले ते झोपलेच. तुम्ही मात्र सकाळी उठायचं, हं. मिटा डोळे.