देवीच्या राईतली आमरी

एकदा काय झालं, देवीच्या राईतली आमरीच चोरीला गेली! थांबा, आधी राई सांगते. डोंगरात होती देवराई. तिथली वाळकी काडीही कुणी घरी नेत नसे. तिथे हिरड्याच्या खालच्या फांदीवर आमरी राहायची. मूठभर झाड, पण वैशाखात जांभळट फुलांची वेणी सोडायचं. मुळं मातीत नाहीत हं, सालीला धरलेली. वारा खायची, धुकं प्यायची.

गावात होती अनसूबाई. तिनं काठी रोवली तरी पालवी फुटायची, अन् त्याचा तिला भारी ताठा. आमरीला बघून म्हणाली, "अगं बाई, माती नाही, खत नाही, उपाशीच लटकलीस! चल माझ्याकडं." आणि घेतली की सोलून, पदराखाली!

मागच्या दारी मडक्यात पुरली. शेणखत घातलं, तांब्या तांब्या पाणी घातलं. पानं पिवळी पडली. मग आणखी खत, आणखी पाणी. मुळं कुजायला लागली.

इकडे गावात बोभाटा. कुणी म्हणालं, "धोंडामावशीच्या शेळीनं खाल्ली. होय ना गं अनसू?" अनसूबाई तोंड उघडते तो काय, आमरीच्या फुलांचा घमघमाट! चटकन तोंडाला पदर लावला आणि मानेनंच "हो" म्हटलं. खोटं, बरं का. घरी येऊन चूळ भरली, राखेनं दात घासले, कांदा चावला. वास जाईना.

मग गावानं मावशीच्या शेळ्यांना राईतला झरा बंद केला. वैशाखाचं ऊन! बिचारी म्हातारी लांबच्या नदीवरून घागरी वाहू लागली. वाटेत अनसूबाई भेटली तर म्हणते, "तोंड का गं झाकलंयस? दाढ दुखती व्हय? लवंग देऊ?"

अनसूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच ती पारावर गेली, पदर काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "शेळीनं नाही, मी चोरली." वास गावभर पसरला नि विरून गेला.

आमरीचं एकच मूळ हिरवं उरलं होतं. अनसूबाईनं लुगड्याची चिंधी फाडून तिला राईतल्या त्याच फांदीला बांधलं. खत नाही, पाणी नाही, नुसती वाट पाहायची. तेच तिला फार जड गेलं. मग पावसाळे आले नि गेले, मुळांनी साल धरली, आणि एका वैशाखात वेणी सुटली! सगळे वर बघत होते. अनसूबाईची मान मात्र खाली.

मावशीनं तिची हनुवटी धरून वर केली. "बघ की गं आता. किती दिस खाली बघशील?"

मग आमरी राहिली फांदीवर, शेळ्या झऱ्यावर, सगळी सुखात. आणि तुम्ही गोधडीत. मिटा डोळे.