जायफळाचं दूध आणि मंदाची गोधडी

गोधडी पुरी झाली, हे कशावरून ओळखायचं? सांगाल?

शेवटचा टाका पडला की पुरी झाली, असं तुम्ही म्हणाल. मंदाही तेच म्हणत होती.

"शेवटचा टाका पडला, आत्या. झाली ना आता?"

गजराआत्या दत्ताच्या देवळाच्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी गोधडीकडे पाहिलं. मग मंदाकडे पाहिलं.

"अंथर," त्या म्हणाल्या.

आमच्या गावात पाऊस सरला, ऊन पिवळं पडलं, भाताच्या लोंब्या वाकल्या, की बायका जुनी लुगडी आणि चिंध्या घेऊन देवळात जमतात. दिवाळीपर्यंत गोधड्या शिवायच्या. लुगड्यांचे थर खाली, वर कापडातून कापून लावलेले पोपट, आंबे, गाई, ज्याची त्याला हौस. चारही बाजू शिवून झाल्या तरी एक कोपरा उघडा ठेवायचा.

तो कोपरा बंद करायचा हक्क गजराआत्यांचा. देवळाची झाडलोट त्याच करायच्या आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या हातात पहिली सुई त्यांनीच दिली होती.

त्यांची परीक्षा एकच. दुपारी त्या गोधडीवर आडव्या व्हायच्या. डोळा लागला, तर उठून म्हणायच्या, "भाकरी आण." मग भाकरीचा एक घास कोपऱ्यात घालून, गोधडीचं पोट भरून, कोपरा शिवून टाकायच्या.

डोळा लागला नाही, तर कोपरा उघडाच राहायचा.

मंदाने गोधडी अंथरली. बायका पुढे सरकल्या.

"हात लावू नका गं कुणी," मंदा म्हणाली. "हळदीचे हात असतात."

आत्या आडव्या झाल्या. डोळे मिटले. पिंपळावर कावळा ओरडला. आत्यांनी डोळे उघडले.

"झोप येत नाही."

"टाका कुठे मोठा पडलाय का?"

"नाही."

"पोपट वाकडा आहे?"

"सरळ आहे... फार सरळ आहे. पोलिसासारखा उभा आहे. त्याच्याकडे पाय करून झोपायला भीती वाटते."

बायका हसल्या. मंदा हसली नाही.

तिला हसण्याजोगं काही नव्हतंच. तिची लेक रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळीच्या आगेमागे दिवस भरत होते. गोधडी त्या बाळासाठी होती. आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी रोहिणीच्या सासूबाई, म्हणजे मंदाच्या विहीणबाई, सुनेला बघायला एका रात्रीपुरत्या यायच्या होत्या.

विहीणबाई डोंगरापलीकडच्या खोऱ्यातल्या. लग्नातच त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे गोधड्या शिवतात होय? आमच्याकडचं बघितलं की मग कळतं."

हे वाक्य मंदाच्या डोक्यातून गेलं नव्हतं. भाताची पेज काढताना आठवायचं, कपडे वाळत घालताना आठवायचं. विहीणबाईंच्या हातात उघड्या कोपऱ्याची गोधडी द्यायची, म्हणजे अर्धवट लाटलेली पोळी ताटात वाढायची.

मंदाने पोपट उसवले. त्यांच्या जागी आंबे लावले. तिची जागा ओसरीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. बायकांच्या गप्पांनी टाका चुकतो, असं ती म्हणायची. मागे बायका हसत, चणे खात, एकमेकींच्या गोधडीवर पाय पसरून बसत. मंदाच्या समोर भिंत.

तिचे टाके खरंच सुरेख होते. मुंग्यांची रांग जावी तसे.

"झाली, आत्या. आता बघा."

आत्या आडव्या झाल्या. या कुशीवर झाल्या. त्या कुशीवर झाल्या. उठून बसल्या.

"आता काय?" मंदाने विचारलं.

"काही नाही गं... आपण जरा डोळे मिटले की कुणीतरी 'सरका' म्हणेल, असं वाटत राहतं."

"कोण म्हणेल? मी तर गप्प बसले होते."

"हो. फार गप्प बसली होतीस."

मंदा घरी गेली ती विचार करत. तिच्या लक्षात आलं, की चूक गोधडीत नाही. चूक आत्यांच्या झोपेत आहे. म्हाताऱ्या माणसाला दुपारी भरल्या पोटी झोप येते, रिकाम्या पोटी येत नाही. एवढं साधं.

कोजागिरीच्या दिवशी भर दुपारी ती देवळात आली, ती चरवीभर आटीव दूध घेऊन. केशर होतं, चारोळ्या होत्या. आणि जायफळ. जायफळावर तिने हात आखडला नव्हता.

"चंद्र उगवायचा आहे अजून," आत्या म्हणाल्या.

"उगवेल. तुम्ही घ्या."

आत्यांनी एक पेला घेतला. दुसरा घेतला. ओठावर दुधाची मिशी आली होती ती पदराने पुसली.

"छान झालंय."

"आता पडा जरा."

आत्या आडव्या झाल्या. मंदा समोर बसून त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिली. पापण्या मिटल्या... हलल्या... उघडल्या.

"जायफळ जास्त पडलं का गं?"

"नाही, आत्या. झोपा तुम्ही."

तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. चरवीतलं उरलेलं दूध ओसरीवर शिवत बसलेल्या नलूकाकूंनी संपवलं होतं. त्या उघड्या फरशीवर, पायरीवर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या.

आत्या कोपरावर रेलून बराच वेळ त्यांच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "नलूला झोप लागली. तिच्याखाली तर गोधडीच नाही."

मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या विहीणबाई येणार, आत्या. मी करू तरी काय?"

 पिंपळाचं एक पान पडलं. ते गोधडीवर आलं. मंदाने उचलून बाजूला टाकलं.

"भिंतीकडे पाठ कर," आत्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

 आत्या नलूकाकूंच्या डोक्याखाली उशाला चिंध्यांचं गाठोडं सरकवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंदा देवळात आली ती नटून. अंगावर विहीणबाईंनी लग्नात दिलेली मानाची साडी होती, आंब्याच्या रंगाची, जांभळ्या काठाची. त्या दुपारच्या एसटीने यायच्या होत्या. तोवर एका कडेची शिलाई आणखी पक्की करावी, असं मंदाच्या मनात होतं.

ती भिंतीपाशी गेली. थांबली. मग वळली आणि भिंतीला पाठ लावून बसली.

आता समोर सगळ्या बायका होत्या.

"या," नलूकाकू म्हणाल्या. "भिंत रागावली का?"

मंदाने मान खाली घालून सुई चालवायला सुरुवात केली.

"परवा रात्री काय झालं," नलूकाकू सांगायला लागल्या. "थंडी पडली थोडी. आमचे हे उठले, अंधारात चाचपडत पडवीत गेले, आणि गोधडी समजून काय पांघरून आले? बैलाची झूल."

"मग?"

"मग काय. सकाळी म्हणतात, झोप फार छान लागली, पण रात्रभर गोठ्याची स्वप्नं पडली."

मंदाने ओठ आवळून धरले.

"आणि बैल?" कुणीतरी विचारलं.

"बैलाचं काही विचारू नका. तो तेव्हापासून ह्यांच्याशी बोलत नाही. ह्यांनी गव्हाणीत कडबा टाकला तर तोंड फिरवतो. मी म्हटलं, अहो, त्याची झूल त्याला परत करा आणि माफी मागा. तर म्हणतात, मागितली. नुसता शेपूट हलवून गेला."

मंदाला हसू फुटलं. एकदा फुटलं ते थांबेना. पोट धरावं तर हातात सुई. ती हसत राहिली, सुई चालत राहिली. पदर खांद्यावरून केव्हा घसरला, तिला कळलं नाही. मग तिने स्वतःच लोणच्याच्या बरणीत मीठ समजून साखर घातल्याची गोष्ट सांगितली, जी तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. सगळ्या हसल्या. ऊन ओसरीच्या पहिल्या खांबावरून दुसऱ्या खांबावर आलं.

"मंदाताई आहेत का इथे?"

दारात विहीणबाई उभ्या होत्या. हातात पिशवी, कपाळावर घाम. घरी मंदा नाही म्हणून थेट देवळात आल्या होत्या.

मंदा घाईने उठली.

तिच्याबरोबर गोधडीही उठली.

मंदा एक पाऊल पुढे गेली. गोधडीही एक पाऊल पुढे आली. आंबे, पानं, दोरे, सगळं लोंबकळत. गोधडीवर ठेवलेली चण्यांची वाटी उलटी झाली आणि चणे पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेले.



"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. "मला घ्यायला अंथरुणासकट आलात?"

मंदाने गोधडी उलटून पाहिली. पदर गोधडीखाली गेला होता आणि ती हसता हसता थरांबरोबर तोही शिवत गेली होती. चांगला वीतभर. टाके असे, की एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

"उसवते," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत्ता उसवते. बसा तुम्ही."

तिने कात्रीला हात घातला. आत्यांनी कात्री आधीच उचलली होती.

"आत्या, द्या ना."

आत्यांनी कात्री दिली. पण मंदाला नाही. त्यांनी ती विहीणबाईंच्या पुढे धरली.

"साडी तुमची," आत्या म्हणाल्या. "टाके हिचे. तुम्हीच काय ते कापा."



विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. गोधडीची उलटी बाजू डोळ्यांजवळ नेली.

"हे टाके कुणाचे?"

"माझेच," मंदा म्हणाली.

"आणि वरचे आंबे?"

"तेही माझेच."

"काय सांगता." विहीणबाई आंबे बघत होत्या, टाके बघत होत्या. "लग्नात तुम्ही रुखवतात जी गोधडी मांडली होती ना, ती बघून मी घरी जाऊन माझ्या दोन गोधड्या माळ्यावर टाकल्या. हिच्यापुढे आपलं काय दाखवायचं म्हणून. हे वाकडे टाके तर अगदी माझ्या हातचे वाटतात."



विहीणबाईंनी कात्री घेतली. टाक्यांना धक्का लावला नाही. टाक्यांच्या कडेने, आंब्याच्या आकारात, मानाच्या साडीचा पदर कापला; तुकडा गोधडीलाच राहिला.

"नवी देईन. बारशाला," त्या म्हणाल्या. "सुई आहे का कुणाकडे? कडा मुडपून घ्यायला हव्यात, नाहीतर सुतं निघतील."

"अहो, चहा तरी..."

"चहा कुठे पळून जातोय. या बाजूला धरा तुम्ही. मला गुडघ्यामुळे एकदा बसलं की लवकर उठवत नाही."

दोघी गोधडीच्या दोन बाजूंना बसल्या. मधे तो आंबा, खालच्या अंगाला, बाळाच्या पाठीला लागेल असा. विहीणबाईंची सुई थरात अडकली की मंदा पलीकडून ओढून घ्यायची. मंदाचा दोरा गुंतला की विहीणबाई दाताने तोडायच्या. रोहिणीला कशाचे डोहाळे लागलेत, यावरून बोलणं सुरू झालं. मग दोघींना आपापल्या बाळंतपणात कशाचे लागले होते, त्यावर गेलं. विहीणबाईंना म्हणे ओल्या भिंतीच्या वासाचे लागले होते.

"मंदाला अजून आहेत," नलूकाकू म्हणाल्या. "ती भिंत तिचीच."

ऊन अंगणातून गेलं. चतुर उडायचे थांबले. बायकांनी आपापलं गुंडाळलं, दोघी बसलेल्याच. गोधडीचा एक भाग त्यांना ओढून घ्यायचा होता, पण ओढला जाईना.

मंदाने वळून पाहिलं. त्या टोकावर आत्या झोपल्या होत्या. गुडघे पोटाशी, हात गालाखाली. चण्याचं एक साल ओठावर.

"उठवू का?" विहीणबाई कुजबुजल्या.

"नको. आपण इकडून शिवू."

दिवेलागण झाली तेव्हा आत्यांना जाग आली. डोळे चोळत त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या गेल्या होत्या. दोघी विहिणी अंधुक उजेडात सुईत दोरा ओवत होत्या, आणि नेढं कुणाला दिसतं यावरून वाद घालत होत्या.

"मंदे," आत्या म्हणाल्या, "आज विचारलं नाहीस?"

"काय विचारायचं होतं?" मंदाने मान वर न करता म्हटलं.

आत्यांनी एक मोठी जांभई दिली.

"भाकरी आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खोऱ्यात जाणारी एसटी देवळासमोर थांबली, दोनदा हॉर्न वाजवला, आणि विहीणबाईंना न घेता निघून गेली.