लाट कोरलेला दगड

पूर्वी वेगवतीच्या तीरी शाल्मलीनगरात राजा महीपाल राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अर्थामात्य होता. त्याचे नाव सुयाम. एका महापुरानंतर त्याने सल्ला दिला, की नदीकाठच्या माळावर कोणासही घर बांधू देऊ नये. आणि पाणी चढले होते तेथे लाट कोरलेला दगड रोवविला.

पुढे पद सोडून त्याने जमिनींचा व्यवसाय आरंभिला. नगर कोणीकडे वाढणार, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? तोच माळ त्याने गवताच्या मोलाने घेतला, घरांसाठी तुकडे आखले, आणि आड येणारा दगड उपटून आपल्या विक्रीच्या मांडवाची पायरी केली.

त्या नगरीची रीत अशी, की विकणाऱ्याने भूमीचे उणे असेल ते सांगावे; नसेल तर मुकाट्याने तिथले ढेकूळ घेणाऱ्याच्या हाती द्यावे. सुयामाने अकरा जणांना मुकाट्याने ढेकूळ दिले. "खोटे तर मी बोललो नाही," असे तो मनाशी म्हणे.

बारावी आली ती पाथरवटाची विधवा कपिला. पायरीवर पाऊल न ठेवता ती वाकली आणि पदराने चिखल पुसू लागली.

"अगोबाई! ही लाट आमच्या घरधन्यांच्या हातची. छिन्नी निसटली तो टवकासुद्धा आहे. तेव्हा तुम्ही केवढे रागावला होतात, आर्य!"

एक गिऱ्हाईक हसले. "म्हातारे, जागा घ्यायला आलीस की धोंडा?"

"जागाच, बाबा. शेजारीण वेडी म्हणाली मला. मी म्हटलं, ज्यांनी दगड रोवला त्यांनीच काढला. म्हणजे नदीनं वाट बदललीच असणार."

सुयामाच्या तळहातावर ढेकूळ होते. कोणी चोर म्हटले असते तर त्याच्यापाशी उत्तर होते. या विश्वासाला नव्हते. त्याची मान खाली गेली.

"माई, नदी आहे तिथेच आहे. वाट मी सोडली."

अकराही जणांना बोलावून त्याने तेच सांगितले आणि आपल्या राहत्या घराची उंचवट्यावरची भूमी त्यांना वाटून दिली. मग दगड पुन्हा जागी रोवायला खांद्यावर घेऊन तो भर पेठेतून निघाला.

"काय अमात्य, सल्ला आता फुकट का?" लोक ओरडले. तो चालत राहिला.

तिसऱ्या वर्षी पूर आला. पाणी लाटेच्या खुणेला टेकले. माळावर गवताखेरीज बुडण्यासारखे काही नव्हते.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "राजा महीपाल तो आजचा भिक्षू आनंद, कपिला ती भिक्षुणी खेमा, आणि अकरा वेळा गप्प राहिलेला अमात्य मीच होतो, भिक्षूंनो. त्या दिवशी मला ज्याने तारले, त्या गुणाचे नाव लज्जा."