कापून टाकलेले तुकडे

शालन कारखानीसांनी हिंदीत दोन सिनेमे दिग्दर्शित केले, पण दोन्हींच्या श्रेयनामावलीत त्या ‘सहायक’ म्हणून लागल्या. तिसऱ्या सिनेमाच्या वेळी निर्माते खेमानींनी तोंडावरच सांगितलं, “दिग्दर्शक म्हणून माझं नाव जाईल. बाईच्या नावावर वितरक सिनेमा उचलत नाहीत.”

शालनताई दिग्दर्शकांच्या संघटनेकडे गेल्या. तिथे खेमानींनी अध्यक्षांसमोर क्लॅपबोर्ड, म्हणजे शॉटआधी कॅमेऱ्यापुढे धरायची पाटी, ठेवला. त्यावर दिग्दर्शक म्हणून खडूनं खेमानींचंच नाव लिहिलेलं होतं. “बाईंकडे काय पुरावा आहे?”

“संकलकानं कापून टाकलेले तुकडे,” ताई म्हणाल्या. “शॉट संपल्यावर सेटवर जे बोललं जातं ते सिनेमात राहत नाही. तेवढंच ऐका.”

संघटनेच्या छोट्या थिएटरात दिवे मालवले. एकेक तुकडा सरकत गेला आणि प्रत्येकाच्या शेवटी ताईंचाच आवाज आला, “कट.”

खेमानी हसले. “माझा घसा बसला होता. ओरडायचं काम बाईंना दिलं होतं.”

शेवटचा तुकडा लागला. गेलेल्या मुलाचे कपडे आई घडी करून ठेवत होती. ताईंनी हलकेच “कट” म्हटलं. मग खेमानींचा खणखणीत आवाज आला, “बाई, ही तर रडलीच नाही. चालेल ना? की पुन्हा घ्यायचा?”

दिवे लागले.

“खेमानीसाहेब,” ताईंनी विचारलं, “दिग्दर्शक तुम्ही होतात, तर हे विचारलंत कुणाला?”

अध्यक्षांनी क्लॅपबोर्ड जवळ ओढला आणि खडूचं नाव अंगठ्यानं पुसून टाकलं.